टोकन नसलेला अर्ज

मित्रांनो, मी एक जुना बदली-अर्ज आहे. जुना म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे पिवळा पडलेला, कोपरे दुमडलेला कागद आला असेल. तो कृपया पुसून टाका. मला कोपरे नाहीत आणि मी पिवळा पडत नाही. मी आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावर राहतो. परिचारिकांना एका गावाहून दुसऱ्या गावी बदली हवी असली की त्या मला उघडतात, माझे रकाने भरतात आणि खालचं बटण दाबतात. माझ्या अंगावर बटणं दोनच. एक हिरवं, ‘अर्ज पाठवा’. दुसरं तांबडं, ‘अर्ज मागे घ्या’. हिरव्यासाठी लोक वर्षभर झुरतात. तांबड्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. माझी कहाणी मात्र त्या तांबड्या बटणाची आहे, आणि गंमत म्हणजे ते बटण त्या दिवशी कोणी दाबलंच नव्हतं. गंमत हा शब्द मी दुसरा सुचला नाही म्हणून वापरला.

माझा जन्म खात्याच्या मुख्य कार्यालयात झाला. तिसऱ्या मजल्यावर झेरॉक्स यंत्राशेजारी एक टेबल होतं. तिथला पंखा लावला की यंत्रातले कागद उडत आणि बंद केला की टेबलामागचं माणूस वितळत असे. त्या टेबलामागे माझी जन्मदाती बसायची. सगळे तिला ‘प्रोग्रामर बाई’ म्हणत. काम करताना स्वतःशी बोलायची तिला सवय होती. “इथं कोण येणार? कशाला येणार? आणि दुसऱ्याचं सोंग घेऊन आला तर?” असं ती पुटपुटायची. झेरॉक्सवाला तिला म्हणायचा, “बाई, अर्ज बनवताय की तुरुंग?” ती म्हणायची, “दाराला कडी लावली म्हणून घराचा तुरुंग होतो का रे?” आणि पुन्हा टकटक सुरू.

ती कडी म्हणजे काय, हे तुम्हाला समजावून सांगितलं पाहिजे. त्यावाचून पुढचं कळणार नाही. थोडं लक्ष द्या, परीक्षेत विचारणार नाहीत.

तुम्ही एखाद्या संकेतस्थळावर लॉगिन केलंत की तिथला सर्व्हर तुमच्या ब्राउझरला एक ओळखपत्र देतो. ब्राउझर ते खिशात ठेवतो आणि त्या सर्व्हरकडे काहीही पोचवायचं झालं की न विचारता काढून दाखवतो. म्हणून तुम्हाला दर वेळी पासवर्ड द्यावा लागत नाही. ब्राउझर हा अतिशय प्रामाणिक आणि तितकाच भोळसट नोकर आहे. ‘हे तिकडे देऊन ये’ असं त्याला घरच्या माणसानं सांगितलं की रस्त्यावरच्यानं, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. समजा, एका टॅबमध्ये तुमचं लॉगिन चालू आहे आणि दुसऱ्या टॅबमध्ये तुम्ही कुणा परक्याचं पान उघडलंत. त्या पानात माझ्यासारखे कपडे घातलेला एक खोटा अर्ज लपवलेला असू शकतो. तो तुम्हाला दिसत नाही. तो तुमच्या नोकराला हळूच सांगतो, ‘हे सर्व्हरकडे देऊन ये.’ नोकर धावत जातो, तुमचं ओळखपत्र दाखवतो. सर्व्हर बघतो, ओळखपत्र अस्सल आहे. तो अर्ज ठेवून घेतो. परक्याला तुमचा पासवर्ड कळलेला नसतो, त्यानं तुमचं तोंडही पाहिलेलं नसतं. त्यानं फक्त तुमचा नोकर वापरलेला असतो.

म्हणून प्रोग्रामर बाईनं माझ्या पोटात एक लपलेला रकाना ठेवला. मला कोणी उघडलं की सर्व्हर एक लांबलचक, कुणाच्या बापाला अंदाज करता येणार नाही असा आकडा तयार करी, तो त्या रकान्यात ठेवी आणि त्याची नोंद स्वतःजवळ ठेवी. बँकेत पूर्वी पितळेचं टोकन देत, तसंच हे टोकन. बटण दाबल्यावर सर्व्हर आधी ओळखपत्र बघे, मग विचारी, ‘टोकन?’ दोन्ही जुळलं तरच अर्ज आत. परक्या पानाला माझे कपडे शिवून घेता येतात, पण माझ्या पोटात डोकावता येत नाही. ओळखपत्रानं ‘तू कोण’ हे कळतं. टोकनानं ‘हे तू खरंच माझ्याच पानावरून पाठवलंस का’ हे कळतं. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. जगातले बरेचसे अन्याय ते एकच आहेत असं समजल्यामुळे होतात, असं माझं अर्ज म्हणून मत आहे.

सुरुवातीची वर्षं फार चांगली गेली. माझी वाखाणणी झाली. ‘आता फायली हरवणार नाहीत,’ असं साहेब एका सभेत म्हणाले आणि टाळ्या पडल्या. साहेब म्हणजे खात्याचे उपसंचालक. बदल्यांच्या यादीवर त्यांची सही असायची. प्रोग्रामर बाईचं नाव त्या सभेत कुणी घेतलं नाही. पुढे तिला दुसरीकडे पंख्याखालची नोकरी मिळाली आणि ती गेली. जाताना तिनं मला एकदा उघडलं, उगाचच टोकन तपासलं आणि बंद केलं. बहुतेक आया असंच करत असाव्यात.

माझ्याकडे दरवर्षी येणाऱ्यांत एक सिस्टर होती. ती एका लांबच्या, लहानशा आरोग्य केंद्रात काम करायची. नोंदणीच्या खोलीत खिडकीशी एक म्हातारा संगणक होता. त्याच्या एका बाजूला वजनकाटा, दुसऱ्या बाजूला कापसाची बरणी. त्याच्यातला ब्राउझरही जुना, कारण नवा टाकला तर संगणक उठणारच नाही असं सगळ्यांचं ठाम मत होतं. सिस्टर माझ्या ‘बदलीचे कारण’ या रकान्यात दरवर्षी एकच लिहायची: ‘वडील एकटे आहेत.’

वडील तिच्या मूळ गावी राहत. ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. ‘हॅलो’ म्हणायच्या आत माणूस ओळखायचे, असा त्यांचा लौकिक. आता स्मरण हळूहळू सुटत चाललं होतं. शेजारच्या काकू त्यांचं जेवणखाण बघत. सिस्टर रोज दुपारी रुग्ण संपले की संगणकापुढे बसून त्यांना फोन लावी. मी पडद्यावर उघडाच असे, त्यामुळे मला ऐकू येई. पडद्यावरच्या अर्जाला ऐकू कसं येतं, असं विचारू नका. आत्मवृत्तात वस्तूंना ऐकू येतं, हा नियम माझ्या आधीपासूनचा आहे.

“कोण?”

“मी, बाबा. धाकटी.”

“कशावरून?”

“अहो बाबा, रोज काय ‘कशावरून’!”

“आवाजाची नक्कल करणारे पुष्कळ असतात. तीस वर्षं ऐकलेत मी. काल फोन ठेवताना मी तुला काय सांगितलं होतं, बोल.”

“खिडकीच्या वरच्या कडीला तेल घाला म्हणून मी सांगितलं, आणि तुम्ही म्हणालात, तेल संपलंय, तू येशील तेव्हा आण.”

“हं. मग तूच. आणलंस का तेल?”

सिस्टर हसायची. फोन ठेवला की मात्र तिचा चेहरा पाहवत नसे. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की एवढी ओळख आता वर्षभर टिकेल, फार तर थोडं अधिक. मग ते ओळखणार नाहीत. ती दहा वर्षं अर्ज करत होती ते ‘वडील एकटे आहेत’ म्हणून. त्या वर्षी मात्र तिला घाई होती. ते ओळखतात तोवर पोचायचं होतं, एवढंच. आणि योग असा की त्याच वर्षी तिच्या गावच्या दवाखान्यात एक जागा रिकामी झाली आणि ज्येष्ठतेत तिचं नाव सगळ्यात वर आलं.

आता नानांची ओळख करून देतो. नाना म्हणजे त्या केंद्राचे हेडक्लार्क. माणूस सोन्यासारखा, आणि तसाच जड. त्यांची स्वतःची अशी एक कार्यपद्धती होती. त्या वर्षी बदल्यांच्या दिवसांत दहा वाजून गेले की आमचं संकेतस्थळ मुंगीच्या पावलानं चालू लागलं. म्हणून नाना सकाळी केंद्र उघडल्या उघडल्या सिस्टरला हाक मारायचे. “सिस्टर, या आधी! लॉगिन करून अर्ज उघडून ठेवा. रुमाल टाकून जागा धरायची, मग दिवसभर भरत बसा.” सिस्टर मला उघडून ठेवी. मग एक लस टोचून आली की एक रकाना, एक पट्टी बांधून आली की दुसरा. दुपार टळता टळता अर्ज पुरा होई आणि ती हिरवं बटण दाबी.

पण प्रोग्रामर बाईनं माझ्या टोकनाला अर्ध्या तासाचं आयुष्य दिलं होतं. अर्ज दिवसभर तळ्यात मळ्यात करत भरतात, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिनं आरोग्य केंद्र कधी पाहिलं नव्हतं. त्यामुळे बटण दाबलं की पडद्यावर येई, ‘हे पान शिळे झाले आहे. कृपया पुन्हा उघडा.’ आणि सगळे रकाने कोरे.

“शिळं झालंय?” नाना ओरडले. “पान आहे की भाकरी?”

तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. ते नानांना बघवलं नाही. त्यांनी लगेच मुख्य कार्यालयाला तक्रार लिहिली, आणि आपल्यासारख्या बाकीच्या केंद्रांच्या हेडक्लार्कनाही फोन करून तक्रार लिहायला लावली. सगळीकडे रुमाल टाकण्याचीच पद्धत होती. तक्रारींचा गठ्ठा साहेबांच्या टेबलावर पडला. साहेबांनी प्रोग्रामर बाईच्या जागी आलेल्या चष्मेवाल्याला बोलावलं.

“हे टोकन का काय, ते काय भानगड आहे?”

चष्मेवाल्यानं सांगितलं. बरंच सांगितलं. साहेबांनी मध्ये दोन फोन घेतले.

“बरं. यावर उपाय?”

“टोकनाचं आयुष्य वाढवायचं, सर. आणि शिळं झालं तरी भरलेलं पुसलं जाऊ नये अशी सोय करायची. दोन दिवस द्या. चाचणी घ्यावी लागेल.”

“आणि नुसतं काढून टाकायला किती वेळ?”

“काढायला काय, सर, तपासणीची एक ओळ बंद करायची.”

“काढलं तर काय होतं?”

“तसं... रोज काही होत नाही.”

“मग झालं तर. जे रोज होत नाही त्याच्यासाठी रोज होणारा त्रास का घ्यायचा? काढा.”

“सर, हे लेखी मिळेल का?”

साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं स्वतःच चष्मा काढून पुसायला घेतला. परत येऊन त्यानं ती ओळ बंद केली आणि शेजारी लिहिलं, ‘तात्पुरते. बदल्या झाल्यावर सुरू करणे.’

मित्रांनो, माझ्या पोटातला रकाना काढला नव्हता. आकडाही दर वेळी नवा येऊन बसत होता. मी तो इमानानं घेऊन जात होतो. फक्त दाराशी आता कुणी विचारत नव्हतं. तुम्ही डबा घेऊन रोज शाळेत जाता आणि जेवणाची सुट्टीच रद्द झालेली असते, तसं काहीतरी. मला वाटलं, माझं काय, मी अर्ज आहे, सवय होईल. झालीही.

सिस्टरचा अर्ज त्या दिवशी पहिल्या फटक्यात गेला. नानांनी चहा मागवला. “बघा, लिहिण्यात केवढी ताकद असते! एक तक्रार ठोकली, सरळ झाले सगळे.” सिस्टरनं वडिलांना फोन करून सांगितलं, आता लवकरच येते. वडील म्हणाले, “तेल आण.”

पुढच्या आठवड्यात सकाळी नानांनी नेहमीप्रमाणे तिला लॉगिन करायला लावलं. अर्ज मंजूर झाला का, हे दिवसभर अधूनमधून बघता यावं म्हणून. मी एका टॅबमध्ये उघडा होतो. दुपारी नाना मोबाइल नाचवत आत आले.

“सिस्टर! अहो, यादी फुटली म्हणे! ग्रुपवर लिंक आलीय. ‘आपली बदली कुठे झाली, आधीच पाहा.’”

“खरी असेल का?”

“बघायला काय जातंय? मोबाइलवर मला अक्षर लागत नाही. थांबा, मोठ्या पडद्यावर उघडतो.”

आणि त्यांनी ती लिंक माझ्याच शेजारच्या टॅबमध्ये उघडली. मोठ्या प्रेमानं उघडली. पडद्यावर एक चक्र फिरू लागलं. खाली लिहिलं होतं, ‘यादी शोधत आहोत.’ नाना खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे. सिस्टरनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरलेले.

“पेढे कुणाकडून घ्यायचे, तुमच्याकडून की तुमच्या वडिलांकडून?” नाना म्हणाले.

चक्र फिरत होतं. त्या चक्रामागे माझ्यासारखे कपडे घातलेला एक खोटा अर्ज दडलेला होता. त्यानं ब्राउझरला सांगितलं, ‘हे देऊन ये.’ वर लिहिलेलं होतं, ‘अर्ज मागे घ्या.’ ब्राउझर धावला. मला तो जाताना दिसला. सिस्टरचं ओळखपत्र त्याच्या खिशात होतं. त्या खोट्या अर्जाच्या पोटात टोकन नव्हतं. ते असणं शक्यच नव्हतं, कारण टोकन माझ्यापाशी होतं, इथं, शेजारच्या टॅबमध्ये. मी ओरडलो असतो, पण अर्जाला ऐकू येतं, बोलता येत नाही. सर्व्हरनं ओळखपत्र पाहिलं. दुसरा प्रश्न विचारायचा तिथं एक बंद केलेली ओळ होती. अर्ज मागे घेतला गेला.

‘गर्दी जास्त आहे. थोड्या वेळाने या,’ असं पडद्यावर आलं.

“हॅत्!” नाना म्हणाले. “आपल्याच खात्यासारखं चालतंय, म्हणजे खरं असणार.”

ते पान कुणी बनवलं, हे मला आजही माहीत नाही. त्या एका जागेवर डोळा असलेलं कुणी असेल, किंवा नुसता रिकामटेकडा. बाकीच्यांनी ती लिंक मोबाइलवर उघडली, तिथं त्यांचं लॉगिनच नव्हतं, ते वाचले. केंद्राच्या संगणकावर, लॉगिन चालू असताना ती उघडणारी सिस्टर एकटीच. म्हणजे नाना एकटेच.

खरी यादी लागली तेव्हा गावच्या जागेवर दुसरंच नाव होतं. सिस्टरनं मला उघडलं. माझ्या कपाळावर लिहिलेलं होतं, ‘अर्जदाराने अर्ज मागे घेतला आहे. नियमानुसार या वर्षी पुन्हा अर्ज करता येणार नाही.’ तिनं ते बराच वेळ वाचलं. वाचून संपण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी वाचत राहिली.

साहेबांनी तिला भेटीची वेळ दिली. मी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर होतो. एका बाजूला चष्मेवाला, समोर सिस्टर, आणि तिच्यासोबत रजा टाकून आलेले नाना.

“लॉगिन तुमचं,” साहेब म्हणाले. “संगणक तुमच्या केंद्रातला. वेळ कामाची. मग बोट कुणाचं?”

“मी ते बटण दाबलं नाही, सर. दहा वर्षं मागतेय बदली. मी कशाला मागे घेईन?”

“माणसाचं मन आहे, बदलतं. पासवर्ड कुणाला दिला होता?”

“नाही.”

“त्या वेळी संगणकापुढे कोण होतं?”

“मीच होते. यादी बघत होते.”

“म्हणजे होतात तुम्ही. कबूल आहे.”

“साहेब, मी होतो ना तिथं!” नाना उसळले. “बटणाला हात लावला नाही तिनं. हात मांडीवर होते तिचे, मी बघितलेत!”

“नाना, तुम्ही यादी बघत होतात की तिचे हात बघत होतात?” साहेब म्हणाले, आणि नाना लाल होऊन गप्प बसले. असल्या वाक्यानं सभ्य माणूस गप्प बसतो, हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं.

मग साहेबांनी चष्मेवाल्याकडे पाहिलं. “तांत्रिक बाजू काय म्हणते?”

सर्व्हरच्या नोंदीत प्रत्येक अर्जासमोर तो कुठल्या पानावरून आला हे लिहिलेलं असतं. चष्मेवाल्यानं ती नोंद आदल्या दिवशीच काढली होती. सिस्टरच्या नावासमोर माझा पत्ता नव्हता. कुठल्या तरी परक्या पानाचा पत्ता होता. त्यानं तो पाहिला, आणि आपण काय बंद केलं होतं ते त्याला कळलं. आता त्याच्या हातात मोबाइल होता आणि त्यात त्या नोंदीचा फोटो. सिस्टर त्याच्याकडे बघत होती. कारण त्या खोलीत ‘तंत्र’ हा शब्द त्याच्या बाजूला होता आणि माणसं तंत्राला खोटं बोलता येत नाही असं धरून चालतात.

पण ती नोंद दाखवली तर टोकन का बंद होतं हे सांगावं लागणार. कुणी बंद केलं, हे सांगावं लागणार. कुणाच्या सांगण्यावरून, हे सांगता येणार नाही, कारण ते लेखी नव्हतं. त्यानं चष्मा काढला. पुसला.

“तांत्रिकदृष्ट्या,” तो म्हणाला, “ओळख बरोबर आहे.”

“झालं,” साहेब म्हणाले. “पुढच्या वर्षी नीट विचार करून अर्ज करा.”

तो खोटं बोलला नव्हता. ओळख बरोबरच होती. मी भिंतीवर होतो. खोलीत माझ्याइतका मोठा दुसरा कुणी नव्हता आणि माझ्याइतका निरुपयोगीही.

त्याच दिवशी चष्मेवाल्यानं ती ओळ पुन्हा सुरू केली. टोकनाचं आयुष्य वाढवलं, भरलेलं पुसलं जाऊ नये अशीही सोय केली. दोन दिवसांचं काम त्यानं जेवायला न जाता एका दुपारीच उरकलं. कुणाला सांगितलं नाही. साहेबांनी एक परिपत्रक काढलं, ‘कर्मचाऱ्यांनी भावनेच्या भरात बटणे दाबू नयेत.’ ते सगळ्या केंद्रांच्या भिंतींवर लागलं. नानांनी आपल्या हातानं चिकटवलं, हेडक्लार्क म्हणून ते त्यांचं कामच होतं.

नानांना अजून माहीत नाही. ना तक्रारीचं, ना लिंकचं. ते सिस्टरसाठी रोज खुर्ची पुसून ठेवतात. त्यांना कुणी सांगू नये असं मला वाटतं.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी विनंती करायची असते. ती मी आताच करून टाकतो, कारण नंतर मला जमणार नाही. तुमच्यापैकी काहीजण मोठेपणी अर्ज बनवाल. बनवण्याआधी तो जिथं भरला जाणार आहे त्या खोलीत एक दिवस बसा. कुणी त्रास होतो म्हणालं तर त्रास काढा, कडी काढू नका. ‘तात्पुरते’ हा शब्द लिहिताना त्याच्या पुढे कुणाचं तरी वर्ष जाणार आहे, हे आठवा. काम झालं की लॉगिन बंद करा. आणि एखादं माणूस शपथेवर सांगत असेल की हे मी केलं नाही, तर त्याची ओळख तपासून थांबू नका. पुढचा प्रश्नही विचारा. ही विनंती मी करतो आहे खरा. पण मी अर्ज आहे आणि अर्जांचं काय होतं हे मला आतून माहीत आहे.

आता उरलेलं सांगतो.

ते वर्ष गेलं. दुपारचे फोन चालू होते. आधी वडील ‘कशावरून?’ विचारत आणि तिनं उत्तर दिलं की गप्प होत, कारण बरोबर उत्तर काय होतं हे त्यांनाच आठवत नसे. मग ते विचारायचेच बंद झाले. एका दुपारी त्यांचा आवाज फार आनंदी होता.

“तुम्ही फार चांगल्या आहात हो,” ते म्हणाले. “रोज न चुकता फोन करता. आमची धाकटी पण अशीच बोलते. भेटवीन तुम्हाला. येणार आहे ती.”

सिस्टर म्हणाली, “हो का? कधी?”

“आता येईलच.”

“बरं, आली की सांगा मला,” सिस्टर म्हणाली. फोन ठेवला आणि रुग्णाची पट्टी बदलायला गेली.

पुन्हा बदल्यांचे दिवस आले. तिनं अर्ज केला. गावची जागा पुन्हा रिकामी होती, तिचं नाव पुन्हा वर होतं, आणि या वेळी टोकनही विचारलं जात होतं. नाना म्हणाले, “आता कोण अडवतं बघू!” ते खरंच होतं. कुणी अडवणार नव्हतं. ओळखत नसले तरी निदान जवळ असेन, असं ती नानांना म्हणाली होती.

यादी लागायच्या आधी एका सकाळी तिचा फोन वाजला. एरवी तीच लावायची. पलीकडे काकू होत्या. सिस्टर उभ्यानं ऐकत होती, मग वजनकाट्यावरच बसली.

पंधरवड्यानं ती कामावर परत आली. तिनं लॉगिन केलं, मला उघडलं आणि बाण तांबड्या बटणावर नेला.

“अहो, मागे कशाला घेता?” नाना अगदी हळू आवाजात म्हणाले. “होतेय या वेळी. आपलं गाव आहे, घर आहे. राहू द्या की अर्ज.”

“तिथं आता कोण आहे, नाना?”

नाना खिडकी लावायला गेले. खिडकी लावलेलीच होती.

सिस्टरनं तांबडं बटण दाबलं. सर्व्हरनं ओळखपत्र पाहिलं. अस्सल. मग माझ्याकडे वळून दुसरा प्रश्न विचारला. मी माझ्या पोटातला आकडा पुढे केला. एकेक अंक जुळला. पान माझंच होतं, बोट तिचंच होतं, मनही तिचंच होतं. इतकी चोख तपासणी माझ्या आयुष्यात झाली नव्हती. मित्रांनो, सगळ्या जन्मात तो एकच खरा अर्ज मला अडवावासा वाटला. आणि अडवायला माझ्याजवळ काहीच कारण नव्हतं.